जखमांची फिरती ढाल

ऑपरेशननंतर कुठल्या दवाखान्यात कमी लोकांचे टाके पिकतात, यावर फिरती ढाल ठेवावी, ही सूचना माझी. मला कुणी विचारलं नव्हतं. भर बैठकीत मी स्वतःहून हात वर केला, बोललो, आणि टाळ्या पडल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझी पंचविशी अजून लागायची होती. स्टॅटिस्टिक्सची पदवी, तीही दुसऱ्या वर्गातली, आणि नाशकातल्या एका धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यात रेकॉर्ड रूमची नोकरी. ट्रस्टचे दवाखाने दोन. आमचा जुन्या नाशकात, इतक्या अरुंद गल्लीत की आत शिरताना अँब्युलन्सला आरसे मिटून घ्यावे लागत. दुसरा ओझरच्या बाजूला, हायवेला लागून, नवाकोरा, पुढे हिरवळ, हिरवळीवर 'चालू नये' अशी पाटी. दोनच स्पर्धकांमध्ये ढाल फिरून फिरून फिरणार किती, हा प्रश्न त्या दिवशी एकालाही पडला नाही.

अध्यक्षांना तर तो पडणं शक्यच नव्हतं. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या कारकिर्दीत शाळेचा दहावीचा निकाल ओळीने शंभर टक्के लागत असे, हे नाशकातल्या रिक्षावाल्यांनासुद्धा माहीत होतं, कारण ते रिक्षावाल्यांनाही सांगत. ढाल म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "स्पर्धा हवीच," ते म्हणाले, "स्पर्धेशिवाय माणूस हात धूत नाही."

आता कबूल करायचंच आहे तर आधीचा पराक्रमही सांगून टाकतो. नोकरीला लागल्या लागल्या मी केसपेपरचं पहिलं पान नव्याने आखलं होतं. जुनं पान गचाळ होतं, माझं सुबक झालं. फक्त तळाशी ट्रस्टचं ब्रीदवाक्य बसेना. मी रकाने वरून खाली वाचले. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, सगळं महत्त्वाचं वाटलं. 'इतर आजार' या रकान्यापाशी थांबलो. बऱ्याच वेळा तो मोकळाच असायचा. उडवला. ब्रीदवाक्य ऐसपैस बसलं. छापखान्यातून गठ्ठे आले तेव्हा मी त्यांचा वास घेतला होता, नव्या पुस्तकाचा घेतात तसा.

तर, ढाल. वर्षभराचे केसपेपर काढून मी दोन्हीकडची ऑपरेशनं मोजली, किती जणांचे टाके पिकले ते मोजलं, भागाकार केला आणि ड्रॉइंग पेपरवर स्केचपेनने दोन खांब रंगवले. ओझरकडचा हिरवा, बुटका. आमचा लाल, त्याच्या दुपटीहून उंच. लाल पेन मध्येच संपलं म्हणून दुसरं आणलं. इतकी निष्ठा.

वार्षिक बैठकीत तक्ता भिंतीवर लागला, ढाल ओझरकडे गेली, आणि सगळ्यांच्या माना हळूहळू एका बाईकडे वळल्या. ती आमच्या थिएटरची इन्चार्ज सिस्टर. बावीस वर्षं ऑपरेशन थिएटर तिच्या हातात होतं. नवा सर्जन हात धुऊन आला की ती त्याच्या कोपरांकडे बघायची आणि न बोलता पुन्हा नळाकडे बोट दाखवायची. त्यांतले दोन-तीन पुढे मोठे नावाजलेले डॉक्टर झाले, पण आमच्या गल्लीत आले की अजून कोपर तपासतात.

"बाई," अध्यक्ष म्हणाले. दवाखान्यातल्या सगळ्या स्त्रियांना ते शाळेतल्यासारखं बाईच म्हणत. "बाई, आपला निकाल असा का?"

"सर, पेशंट कसले येतात ते बघायला हवं," सिस्टर म्हणाली.

"पेशंट दोन्हीकडे माणसंच आहेत ना?"

हशा झाला. मान डोलावणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होतो.

ठरलं ते असं: सहा महिने वाट बघायची. लाल खांब खाली आला नाही, तर सिस्टरने चादरी-गाऊनच्या स्टोअरमध्ये बसायचं आणि थिएटरला ओझरकडून नवी इन्चार्ज आणायची. निवृत्तीला तिची तीन वर्षं उरली होती. ती चादरी मोजण्यात काढायची. बाहेर पडताना तिने मला जिन्यात गाठलं.

"तुम्ही पिकलेली जखम कधी बघितलीय?"

"नाही, पण नोंदी सगळ्या तपासल्यात."

"असं होय," ती म्हणाली आणि खाली निघून गेली. त्या 'असं होय'चा अर्थ लागायला मला सहा महिने लागले.

त्या सहा महिन्यांत तिने थिएटर घासून घासून त्याची साल काढली. अवजारं दोनदा उकळली जाऊ लागली. गॉजचे डबे ती उघडून स्वतः हुंगायची. आणि मी, मदत म्हणून, सर्जन किती वेळ हात धुतात ते मोजायला घड्याळ घेऊन थिएटरच्या बेसिनपाशी उभा राहू लागलो. तिसऱ्या दिवशी सिस्टरचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"अहो आकडेबहाद्दर, या चपला कुठल्या?"

रस्त्यावरच्या होत्या. सकाळी त्याच घालून मी भाजीबाजारातून आलो होतो. त्या सहा महिन्यांत बाहेरची घाण थिएटरच्या दारापर्यंत आणणारा एकच इसम रंगेहाथ सापडला, आणि तो ढालीचा जनक होता.

चार महिने खांब ढिम्म हलला नाही. पाचव्या महिन्यात हिशेब केला आणि उडालोच. लाल खांब चक्क बसला होता. ओझरच्या हिरव्याच्या जवळपास. मी कागद घेऊन धावत थिएटरपाशी गेलो. चपला मात्र या वेळी बाहेर काढल्या.

"सिस्टर, वाचलात! खांब खाली आला. स्टोअर टळलं."

तिने कागद घेतला, बराच वेळ बघितला. आनंदाचं काही चिन्ह नाही.

"यात परत गेलेले कुठे आहेत?"

"परत गेलेले म्हणजे?"

मग तिने सांगितलं. आमचे सर्जन चांगला माणूस. हाताखाली या सिस्टरशिवाय त्यांना दुसरं कुणी चालत नसे. ती जाणार म्हटल्यावर त्यांनी आपल्या परीने इलाज काढला होता. शुगरवाला पेशंट आला की पूर्वी आम्ही त्याला आठ दिवस दाखल करून घ्यायचो, इन्सुलिन देऊन साखर खाली आणायचो, मग ऑपरेशन करायचो. शुगरवाल्याची जखम पिकण्याची धास्ती जास्त, म्हणून एवढा खटाटोप. आता डॉक्टर सांगू लागले, "घरी जाऊन साखर आटोक्यात आणा, मग बघू." घरी जाऊन साखर आटोक्यात कोण आणतं? जो गेला तो गेला.

"मागच्या महिन्यात मखमलाबादकडची एक बाई आली होती," सिस्टर म्हणाली. "शेवंती लावतात ते लोक, बाजारात विकतात. बेंबीचा हर्निया, एवढा मोठा. साखर चढलेली. डॉक्टरांनी परत पाठवली. मी आत होते, मला कळलं तोवर ती रिक्षात बसली होती. ती तुमच्या कुठल्या खांबात आहे, ते दाखवा मला."

मी दाखवू शकलो नाही. बोललो मात्र, आणि जे बोललो ते आठवलं की अजून कान गरम होतात. म्हणालो, "सिस्टर, पण हे कुणाला कळणार नाही. गप्प बसलं तर थिएटर तुमचंच राहतं."

"थिएटर ठेवून करू काय त्यात? पूजा?"

आता खरं काय ते शोधायचं तर कुणाला शुगर होती आणि कुणाला नव्हती, हे कळायला हवं. मी केसपेपरचे गठ्ठे सोडले. पहिल्या पानावर नाव, वय, पत्ता, व्यवसाय आणि खाली ऐसपैस ब्रीदवाक्य. इतर आजार कुठे? तो रकाना मीच उडवलेला. आतल्या पानांवर डॉक्टरांचं अक्षर, म्हणजे शाईत बुडवलेली मुंगी चालली असावी तसं. दोन दिवस वाचून मला एकच शब्द खात्रीने लागला आणि तो सही होती.

तिसऱ्या दिवशी डोकं धरून स्वयंपाकघरात चहाला गेलो. स्वयंपाकघर एका मावशीचं राज्य. नांदगावकडची, आवाज असा की वॉर्डातला पेशंट भूल उतरायच्या आधी जागा व्हावा. मी रडगाणं गायलो. तिने चहा ओतता ओतता विचारलं, "शुगरवाले शोधतोय व्हय? मंग मला नाय का इचारायचं? माझ्या वहीत हायेत ना समदे."

फळीवर रेशनच्या डब्यांमागे शाळेच्या वह्यांची चवड होती. रोज सकाळी कुठल्या खाटेला कसला चहा आणि कसलं जेवण, याची नोंद. बिनसाखरेच्या चहापुढे फुली. कधीकाळी तिच्यावर साखर चोरल्याचा आळ आला होता, तेव्हापासून तिने एक वही टाकली नव्हती. सर्जन चुकेल, रकाना चुकेल, पण चुकून गोड चहा गेला तर सिस्टर वही तपासायला खाली येणार, म्हणून मावशीची फुली कधी चुकत नसे.

"आन् एक सांगू?" ती म्हणाली. "वझरच्या गाडीतून जे येत्यात ना, ते लय करून बिनसाखरेचेच. आन् हल्ली तर फुल्याच कमी झाल्या. माझी साखर जास्त जाऊ लागली, मला वाटलं पुन्यांदा आळ येतोय."

वह्या डोक्यावर घेऊन मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि जमिनीवर ढीग लावायला बसलो. खाट नंबर आणि तारीख जुळवायची, केसपेपर काढायचा. शुगरवाले इकडे, बाकीचे तिकडे. त्यात पुन्हा म्हातारे वेगळे, तरणे वेगळे. ठरवून केलेली ऑपरेशनं वेगळी. आतडं फुटून दोन दिवस घरी काढा पिऊन मग आलेली वेगळी. मग ओझरचे केसपेपर मागवले, तसेच ढीग लावायला घेतले. तिथे स्वयंपाकघर नव्हतं, डबे घरून येत, म्हणून वही नव्हती. एसटीने ओझरला गेलो आणि तिथल्या सिस्टरलाच विचारलं, "तुमच्याकडचे शुगरवाले कसे ओळखू?"

"ओळखायचे कशाला?" ती अभिमानाने म्हणाली. "आम्ही घेतच नाही. अवघड दिसलं की नाशिकला पाठवून देतो. म्हणून तर ढाल इथे आहे!"

ढाल तिच्या डोक्यामागे खिळ्याला टांगली होती. पुसून लख्ख ठेवली होती.

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय होतं ते आठवत नाही. ओझरकडे येणारे बहुतेक कारखान्यातले कामगार. तरणेताठे, दरवर्षी तपासणी झालेले, हर्निया नाहीतर अपेंडिक्स घेऊन आलेले. आमच्याकडे वणीहून, पेठ-सुरगाण्याहून, नांदगावहून उशिरा पोचलेले, आणि वर ओझरने पाठवलेले. ओझरने केलेली पेशंटांची निवड आमच्या दवाखान्याची जखम होत होती, आणि मी दोघांना एकाच पट्टीने मोजून भिंतीवर लावलं होतं.

सारखे ढीग सारख्यांसमोर ठेवले तेव्हा गंमत झाली. तरण्या, धडधाकट, ठरवून ऑपरेशन केलेल्या लोकांत दोन्ही दवाखाने बरोबरीत. आमचा खांब काडीभर खाली, पण एखादा पेशंट इकडचा तिकडे झाला तर ते उलटेल इतकंच, त्यावर नाचण्यासारखं काही नव्हतं. आणि शुगरवाल्यांच्या, फुटलेल्या आतड्यांच्या ढिगांसमोर ओझरची फरशी मोकळी. तुलना करायची कुणाशी? फरशीशी?

एक ढीग मात्र कितीही शोधून मला लावता आला नाही. परत पाठवलेल्यांचा. ते दाखलच झाले नव्हते. परत गेलेल्याला चहा मिळत नाही, म्हणून ते मावशीच्या वहीतही नव्हते. किती होते, कुठे गेले, कुणाचं काय झालं, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. फक्त एक परत आली. शेवंतीवाली. बैठकीला आठवडा असताना टेंपोतून आणली, हर्नियात आतडं अडकून काळं पडलेलं. डॉक्टरांनी या वेळी साखर विचारली नाही, सरळ टेबलावर घेतली. वाचली. आणि चौथ्या दिवशी टाके पिकले. बसलेला लाल खांब तिने पुन्हा थोडा वर उचलला.

बैठकीत मी जुना आणि नवा असे दोन्ही तक्ते लावले आणि ढिगांचं सांगायला लागलो. माझी जीभ अडखळत होती. अध्यक्षांनी हात वर केला. "थांबा. खांब तर खाली आलाय. बाईंचं अभिनंदन करून विषय संपवू."

तेव्हा मागून सिस्टर उभी राहिली. "सर, खांब मी खाली आणलेला नाही. माझ्यासाठी पेशंट परत पाठवले म्हणून आलाय. त्यावर मला थिएटर नको."

सर्जन खाली बघत होते.

"पेशंट न घेता निकाल सुधारतो? हे काय तर्कट?" अध्यक्षांनी मला विचारलं.

आणि माझ्या तोंडून गेलं, "सर, सतरा नंबरचा फॉर्म."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: दहावीला जो मुलगा नापास होईल अशी शाळेला भीती असते, त्याला शाळेतर्फे बसवत नाहीत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावतात. तो गचकला तरी शाळेचा निकाल शंभर टक्के. खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, आणि अध्यक्षांचा शंभर टक्के कसा लागायचा याची कुजबुजही. मला तर जास्तच माहीत असायला हवं होतं, कारण मी स्वतः सतरा नंबरवाला. दुसऱ्या एका शाळेचा, इंग्रजीपायी. ज्या पोराला एकदा यादीतून उडवलं होतं, त्याने मोठं होऊन पहिलं काम काय केलं, तर रकाना उडवला.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. ते रागावतील म्हणून मी दाराचं अंतर मनात मोजून ठेवलं होतं. शेवटी त्यांनी तक्त्याकडे न बघता म्हटलं, "बाई, थिएटर तुमच्याकडेच राहील. डॉक्टर, परत कुणाला पाठवायचं नाही. ओझरलाही कळवा." मग, कुणालाच उद्देशून नाही असं, "त्यातली काही पोरं पुढे पास झालीही असतील." ते रिक्षात बसताना मी दार उघडून धरलं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

ढाल कपाटात गेली. केसपेपर पुन्हा छापायचं ठरलं, ब्रीदवाक्य काढून 'इतर आजार' परत आणायचा. सिस्टर वाचली म्हणून मी तिच्याकडे पेढे घेऊन गेलो. तिने पेढा बाजूला ठेवला.

"नवा कागद आखायच्या आधी माझ्याबरोबर ड्रेसिंगला चला. घाण पट्ट्या टाकायचा किडनी ट्रे धरायचा, बाकी काही नाही."

शेवंतीवाली कोपऱ्यातल्या खाटेवर होती. साठीची, हाडं मोठी, नखांत अजून माती. सिस्टरने पट्टी उलगडली. मी ट्रे धरला होता. वास आधी आला. मग मी खाली बघितलं. वर्षभर मी ज्याला 'होय' आणि 'नाही' अशा दोन शब्दांत लिहीत होतो, ते माझ्यासमोर उघडं होतं, आणि ती बाई दातावर दात दाबून छताकडे बघत होती.

पुढचं मला सांगितलेलं आहे. ट्रे आधी पडला, मी नंतर. शुद्धीवर आलो तेव्हा मी फरशीवर होतो, सिस्टर हात हवेत धरून उभी, मला शिवायला तयार नाही कारण हातमोजे खराब झाले असते. मावशी पेला घेऊन येत होती, या वेळी दोन चमचे साखर घालून.

"कोन हाय हा?" खाटेवरून आवाज आला.

"आमचे आकडेवाले साहेब," सिस्टर म्हणाली. "कुणाचे टाके पिकतात ते मोजतात. वर्ष झालं."

बाईने मान वळवून, पोटाचं दुखणं सांभाळत, मला वरून खालून बघितलं.

"वरीसभर मोजतोय? मंग आजवर बघितलंच नव्हतं, तं मोजलं कशानं रं मुडद्या?"